श्रम, हालचाल आणि हाडं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संग्रहालयातला सांगाडा पाहिला की हाड म्हणजे शरीरातला दगड आहे असं वाटतं. हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाची नडगी पाहून तो किती चालायचा याचा अंदाज बांधणारे लोक त्यामुळे जादूगारच वाटतात. ही जादू नाही. तिच्या मर्यादाही बऱ्याच आहेत, आणि बातम्यांत त्या क्वचितच येतात. पुढची उत्तरं वाचताना एक गोष्ट ध्यानात असू द्या : हाडाला काम कळत नाही, भार कळतो.

हाड इतकं टणक, मग हालचालीने त्याचा आकार कसा बदलेल?

टणक आहे, पण मेलेलं नाही. जिवंत हाडात रक्तवाहिन्या असतात, नसा असतात आणि कायम पाडकाम-बांधकाम चालू असतं. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुनं हाड विरघळवतात, ऑस्टिओब्लास्ट नवं हाड रचतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी असा नव्याने बांधून निघतो.

कुठे पाडायचं आणि कुठे बांधायचं, हे ठरवण्यात तिसऱ्या प्रकारच्या पेशींचा मोठा वाटा असतो. त्यांचं नाव ऑस्टिओसाइट. हाडातल्या दहापैकी नऊ पेशी याच, आणि त्या हाडाच्या आत स्वतःला गाडून घेतलेल्या असतात. अतिसूक्ष्म नळ्यांमधून आपले धागे पसरून त्या एकमेकींना धरून असतात. आपण धावलो, उडी मारली की हाड किंचित दबतं किंवा वाकतं. अगदी जोराच्या हालचालीतही हा फरक लांबीच्या हजारात दोन-तीन भागांपलीकडे सहसा जात नाही. पण तेवढ्याने नळ्यांतला द्रव हलतो आणि पेशींना खबर लागते. भार वाढला की या पेशी स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन कमी सोडतात. हे प्रथिन म्हणजे हाडबांधणीला घातलेला लगाम. तो सैल पडला की बांधकामाला वेग येतो.

ही कल्पना पहिल्यांदा कोणाला सुचली?

एकाच माणसाचं नाव सांगणं कठीण आहे. प्राणी मोठा असेल तर त्याची हाडं लांबीच्या मानाने जास्त जाड लागतात, हे गॅलिलिओने १६३८ मध्येच लिहून ठेवलं होतं. १८६० च्या दशकात झुरिकमध्ये हर्मान फॉन मायर या शरीररचनाशास्त्रज्ञाने मांडीच्या हाडाचं वरचं टोक उभं कापून आतल्या जाळीची चित्रं काढली. ती कार्ल कुलमान या अभियंत्याने पाहिली. वाकड्या मानेच्या क्रेनमध्ये ताण कोणत्या रेषांनी वाहतो हे तो कागदावर मांडत असे, आणि हाडातली जाळी त्याच रेषांच्या वळणाने गेलेली त्याला दिसली. पुढे बर्लिनचा शल्यविशारद युलिउस वोल्फ याने १८९२ मध्ये यावर ग्रंथच लिहिला. तेव्हापासून याला ‘वोल्फचा नियम’ म्हणतात. त्याने मांडलेलं काटेकोर गणित काही टिकलं नाही, गाभा मात्र टिकला : ज्या दिशेने भार येतो त्या दिशेला हाड स्वतःला जुळवून घेतं.

हाडाची मजबुती मोजतात कशी? वजन करून?

नाही. हाडाचं द्रव्य किती, यापेक्षा ते कुठे बसलंय याला जास्त महत्त्व आहे. भरीव दांड्याची त्रिज्या दुप्पट केली तर त्याचा वाकण्याला होणारा विरोध सोळापट होतो. त्यामुळे तेवढंच द्रव्य मध्यापासून लांब, नळीसारखं मांडलं तर हलकं हाडही दणकट होतं. लांब हाडं पोकळ असतात ती म्हणूनच.

संशोधक हाडाचा सीटी स्कॅन करतात, ठरावीक उंचीवरचा आडवा छेद घेतात आणि अभियंता तुळईला लावतो तीच सूत्रं त्याला लावतात. छेद गोल असेल तर भार सगळीकडून सारखा येत होता. पुढून मागे लांबट असेल तर भार जास्त करून त्याच दिशेने येत होता, आणि लांब पल्ल्याच्या धावपटूंची नडगी नेमकी अशी असते. हॉकीपटूंना सतत झपकन वळावं लागतं. त्यांच्या नडगीचा छेद गोलाईकडे झुकतो, कारण त्यांच्या हाडाला चहूकडून झटके बसतात.

दवाखान्यातल्या घनतेच्या तपासणीत हा आकार फारसा दिसत नाही. म्हणून उत्क्रांतीच्या अभ्यासात नुसत्या घनतेच्या आकड्यावर कोणी विसंबत नाही.

प्राचीन माणसाच्या अभ्यासात टेनिसपटूंचं काय काम?

फार मोठं काम आहे. दोन माणसांच्या हाडांची तुलना करताना नेहमी शंका उरते. जनुकं वेगळी असतील, लहानपणचा आहार वेगळा असेल. टेनिसपटूच्या बाबतीत ही कटकटच नाही, कारण तुलना एकाच शरीरातल्या दोन हातांची असते. जनुकं तीच, जेवण तेच, संप्रेरकं तीच, फरक फक्त रॅकेटचा. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्यावसायिक टेनिसपटूंच्या खेळत्या हाताच्या दंडाच्या हाडाची भिंत दुसऱ्या हाताहून पुरुषांत सुमारे ३५ टक्के आणि स्त्रियांत सुमारे २८ टक्के जाड निघाली. इतका स्वच्छ प्रयोग निसर्गात क्वचितच आयता मिळतो.

बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्यांवर २०१४ मध्ये झालेला अभ्यास मला त्याहूनही बोलका वाटतो. वाढीच्या वयात फेकीमुळे कमावलेल्या जादा आकारातला निम्मा आणि जादा मजबुतीतला एक तृतीयांश हिस्सा खेळ सोडल्यानंतरही आयुष्यभर टिकतो, असं त्यात दिसलं. पन्नास वर्षांपूर्वीच्या चेंडूफेकीची नोंद म्हाताऱ्याच्या दंडात सापडते, ती अशी.

म्हणजे हाडात दिसतं ते लहानपण की शेवटची काही वर्षं?

बहुतांशी लहानपण आणि पौगंडावस्था. वाढत्या वयात हाडाच्या बाहेरच्या पृष्ठावर थर चढतात आणि घेर वाढतो. तिशीनंतर व्यायाम सुरू केला तर असलेलं हाड राखलं जातं, थोडी भरही पडते, पण आकार फारसा बदलत नाही. फिनलंडमधल्या टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या स्त्रियांच्या अभ्यासात, पाळी येण्याआधी किंवा येण्याच्या सुमारास खेळ सुरू केलेल्यांना उशिरा सुरू करणाऱ्यांच्या दोन ते चारपट फायदा झालेला आढळला.

त्यामुळे चाळिशीत मेलेल्या प्राचीन माणसाचं हाड पाहून ‘हा खूप चालायचा’ असं म्हणताना खरं तर ‘हा लहानपणी आणि तरुणपणी खूप चालला होता’ असं म्हणायला हवं. लेख लिहिताना हा बारकावा हमखास निसटतो.

भार काढून घेतला तर मात्र कोणत्याही वयात हाड झिजतं, आणि भराभर झिजतं. अंतराळवीरांच्या खुब्याच्या भागातलं हाड महिन्याला एक ते दीड टक्का कमी होतं.

जितका भार जास्त वेळा, तितकं हाड जास्त, असं आहे का?

नाही. पक्ष्यांच्या पंखातल्या हाडावर १९८० च्या दशकात झालेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. दिवसाला फक्त चार वेळा भार दिला तरी झीज थांबली. छत्तीस वेळा दिला तेव्हा हाड वाढलं. शेकडो वेळा देऊनही त्यात आणखी काही भर पडली नाही. हाडाला थोडा, जोराचा आणि वेगळ्या दिशेचा धक्का जास्त जाणवतो. एकसुरी पुनरावृत्तीला ते कंटाळतं म्हणा ना! पोहणं आणि सायकल चालवणं हृदयाला उत्तम, पण त्यात धक्का नसल्यामुळे पायाच्या हाडांना त्याचा लाभ बेताचाच.

हे सगळं एका आयुष्यातलं झालं. उत्क्रांतीशी याचा संबंध कुठे येतो?

माझ्या मते याचं सगळ्यात सुंदर उत्तर गुडघ्यात आहे. सरळ उभे राहा आणि मांड्यांकडे बघा. मांडीची हाडं खुब्यापासून गुडघ्यापर्यंत आतल्या बाजूला तिरकी येतात. त्यामुळे गुडघे एकमेकांजवळ राहतात, आणि एक पाय उचलला तरी शरीराचा तोल दुसऱ्या पायावर सावरता येतो. माणसात हा तिरकेपणा साधारण ८ ते ११ अंशांचा असतो. चिंपांझीत तो जवळजवळ नसतोच, म्हणून दोन पायांवर चालताना चिंपांझी डुलत डुलत जातो.

१९७३ मध्ये इथिओपियातल्या हदार इथे डोनाल्ड जोहान्सन यांना ३० लाखांहून जास्त वर्षं जुना गुडघा सापडला. त्यात हा कोन होता. तो प्राणी दोन पायांवर चालत होता, हे कवटी किंवा ओटीपोटाचं हाड हाती नसतानाही त्यावरून म्हणता आलं.

खरी मौज पुढे आहे. नवजात बाळात हा कोन नसतो. मूल चालायला लागल्यावर, गुडघ्याजवळच्या वाढीच्या पट्टीवर दोन्ही बाजूंनी कमी-जास्त भार पडून तो हळूहळू तयार होतो. जी मुलं कधीच चालू शकली नाहीत त्यांच्यात तो तयार होत नाही. म्हणजे ज्या खुणेला आपण ‘आपल्या वंशाची ओळख’ म्हणतो ती प्रत्येक मूल स्वतः चालून नव्याने घडवतं. त्या जीवाश्मातला कोन आपल्याला ‘या जातीला चालता येत होतं’ एवढंच सांगत नाही. तो ‘हा एक जीव खरोखर चालला होता’ असं सांगतो. अशी खूण पुराव्याच्या दृष्टीने सोन्याची, कारण पूर्वजांकडून नुसतं वारशात आलेलं आणि वापरात नसलेलं असं तिच्याबाबतीत म्हणता येत नाही.

मग कमावलेले गुण वारशाने उतरतात म्हणणाऱ्या लामार्कचंच बरोबर होतं की काय? बापाने कमावलेलं हाड मुलाला मिळतं?

मिळत नाही. टेनिसपटूचं मूल जाड दंड घेऊन जन्माला येत नाही. वारशाने मिळते ती भाराला प्रतिसाद देण्याची क्षमता, आणि ती क्षमता नैसर्गिक निवडीने घडलेली आहे.

पण जनुकं स्वतःही हाडांचा आकार बदलतात, आणि गुंता तिथेच आहे. अमेरिकेत थिओडोर गारलंड यांच्या प्रयोगशाळेत १९९३ पासून चाकावर जास्त धावणाऱ्या उंदरांची पिढ्यान्‌पिढ्या निवड चालू आहे. त्या वंशातल्या उंदरांच्या मांडीच्या हाडाचा गोळा साध्या उंदरांपेक्षा मोठा असतो. यातला काही फरक न धावताच, केवळ निवडीतून आलेला आहे. तेव्हा जीवाश्मात मोठा सांधा दिसला की दोन शक्यता उरतात : हा जीव धावला, किंवा याचे पूर्वज धावले. साधारणपणे सांध्यांचा आकार जनुकांच्या मुठीत जास्त असतो आणि हाडाच्या मधल्या दांड्याचा छेद हालचालीला जास्त दाद देतो, म्हणून अभ्यासक दांड्याकडे आधी बघतात.

‘ल्युसी’ झाडावर चढायची का?

बहुधा हो, चांगलीच. १९७४ मध्ये हदारलाच सापडलेला, माणसाच्या प्राचीन नातलगाचा हा सांगाडा सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीचा. त्याच्या सीटी स्कॅनवरून २०१६ मध्ये दंड आणि मांडीच्या मजबुतीचं गुणोत्तर काढलं गेलं. चिंपांझीचे दंड मांडीच्या मानाने फार दणकट असतात, आपले नसतात. ल्युसी दोघांच्या मध्ये पडली. ती जमिनीवर दोन पायांवर चालायची, पण अंग वर ओढायला हात वापरायची, हा त्याचा सर्वांत सरळ अर्थ.

हातांबद्दल आणखी एक. हाडांच्या टोकांना आत असलेली जाळी कशी पसरली आहे त्यावरून पकड कळते. २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या ऑस्ट्रेलोपिथेकस आफ्रिकानस या माणसाच्या प्राचीन नातलगाच्या तळहाताच्या हाडांत ही जाळी माणसासारखी आढळली, म्हणजे अंगठा आणि बोटं जोराने आवळून धरण्याच्या सवयीशी जुळणारी.

निएंडरथलांचा उजवा हात इतका दणकट का होता?

निएंडरथल म्हणजे आपले नामशेष झालेले जवळचे भाऊबंद. उजव्या आणि डाव्या दंडात त्यांच्याकडे मोठी तफावत दिसते. बरीच वर्षं उत्तर ठरलेलं होतं : भाला खुपसून शिकार. चित्र रांगडं आहे आणि पटायला सोपं. २०१२ मध्ये संशोधकांनी लोकांच्या स्नायूंवर संवेदक लावून त्यांना भाला खुपसायला आणि कातडं खरवडायला लावलं. दोन्ही हातांनी भाला धरून खुपसताना उजव्या बाजूला विशेष जोर पडतच नव्हता. खरवडताना पडत होता. तासन्‌तास कातडी साफ करणं हे त्या दंडाचं जास्त पटणारं कारण ठरलं.

शिकारीचा थरार गेला आणि घरकाम आलं, म्हणून ही गोष्ट तितकीशी गाजली नाही असा माझा संशय आहे.

शेती आल्यावर माणसाची हाडं कमकुवत झाली, हे खरं का?

पायांच्या बाबतीत बरंचसं खरं. अमेरिकेतल्या इलिनॉय भागातल्या सुमारे ७,००० वर्षांपूर्वीच्या शिकारी-संकलकांची आणि तिथल्याच सुमारे ७०० वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची खुब्याची हाडं तपासली तेव्हा शेतकऱ्यांची जाळी स्पष्टपणे विरळ निघाली. युरोपातल्या १,८४२ सांगाड्यांच्या मोठ्या अभ्यासात पायाच्या हाडांची मजबुती शेतीच्या आगमनापासून उतरत गेलेली आणि सुमारे २,००० वर्षांपूर्वीपासून जवळपास स्थिरावलेली दिसली. कारखाने, मोटारी आल्यावर ती एकदम कोसळली असं काही नाही. आधुनिक खुर्चीला आपण उगाच सगळा दोष देतो. घसरण नांगराच्या काळातली आहे.

हातांची कहाणी वेगळी आहे, आणि ती ॲलिसन मॅकिंटॉश व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये सांगितली. त्यांनी मध्य युरोपातल्या प्राचीन स्त्रियांची हाडं आजच्या स्त्रियांशी ताडून पाहिली. आजच्या स्त्रियांत केंब्रिजच्या नौकानयन संघातल्या खेळाडूही होत्या, आठवड्याला सरासरी १२० किलोमीटर वल्हवणाऱ्या. तरीही ७,००० ते ७,४०० वर्षांपूर्वीच्या शेतकरी स्त्रियांचे दंड त्या खेळाडूंपेक्षा ११ ते १६ टक्के, आणि खेळाडू नसलेल्या विद्यार्थिनींपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त मजबूत होते. जात्याच्या आधीच्या काळात दोन हातांनी दगडावर दगड पुढेमागे रेटत धान्य दळणं, जमीन उकरणं, पीक काढणं : हे सगळं त्या दंडांत उतरलेलं असावं.

या अभ्यासाआधी प्राचीन स्त्रियांची हाडं सर्रास पुरुषांच्या हाडांशी ताडली जात. श्रमाला पुरुषांची हाडं जास्त ठळक प्रतिसाद देतात, त्यामुळे बायकांचे कष्ट कमीच भासायचे. मोजपट्टीच चुकीची होती, आणि ते ध्यानात यायला इतकी वर्षं लागली.

सांगाड्यावरून माणसाचा व्यवसाय ओळखता येतो का? मालिकांत तर लगेच ओळखतात.

मालिकांत काहीही होतं. सुरुवातीला म्हटलं तसं हाडाला काम कळत नाही. दळणं, वल्हवणं, कातडं खरवडणं यांचा भार एकसारखा आला तर हाडही एकसारखंच घडतं.

स्नायू जिथे हाडाला चिकटतात तिथल्या खडबडीत जागा पाहून ‘हा लोहार’, ‘हा नावाडी’ असं सांगण्याची एके काळी मोठी चलती होती. मग मेंढ्यांना ९० दिवस यंत्रपट्ट्यावर चालवून पाहिलं. स्नायू वाढले, त्या जागा काही बदलल्या नाहीत. या खडबडीतपणाचा सगळ्यात जवळचा संबंध वयाशी निघाला. लंडनच्या स्पिटलफील्ड्समधल्या चर्चच्या तळघरात पुरलेल्या लोकांचे व्यवसाय कागदोपत्री माहीत होते. तिथे विणकरांच्या हातांत संधिवात जास्त असेल अशी अपेक्षा होती, पण तसा काही संबंध आढळला नाही.

तरीही काही उदाहरणं पटतात, कारण तिथे हाडासोबत दुसरा भक्कम पुरावा आहे. सीरियातल्या अबू हुरेरा या प्राचीन वस्तीत थेया मॉलेसन यांना स्त्रियांच्या पायाच्या अंगठ्यांची, गुडघ्यांची आणि पाठीच्या कण्याची विशिष्ट झीज दिसली, आणि तिथेच दळणाचे दगडही मिळाले. गुडघे टेकून, पायाची बोटं मागे दुमडून तासन्‌तास दळणं, हे दोन्ही बाजूंनी जुळतं. इंग्लंडचं ‘मेरी रोझ’ हे युद्धनौकेचं गलबत १५४५ मध्ये बुडालं आणि १९८२ मध्ये वर काढलं. त्यातल्या अनेकांच्या खांद्याच्या पात्याचं टोक तरुणपणी जुळून यायला हवं ते जुळलेलंच नव्हतं. नौकेवर लांब धनुष्यांचे साठे होते. लहानपणापासून जड धनुष्य ओढल्याचा हा परिणाम असावा हे म्हणणं म्हणूनच वजनदार वाटतं.

घोडेस्वारीचा वाद अजून पेटलेला आहे. २०२३ मध्ये सुमारे ५,००० वर्षांपूर्वीच्या यामनाया या पशुपालक लोकांच्या सांगाड्यांवर स्वारीच्या खुणा आढळल्याचा दावा झाला. पुढच्याच वर्षी लॉरेन होसेक आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की खुब्याच्या खोबणीतले तसे बदल गाडीत बराच वेळ बसण्यानेही होऊ शकतात. खोबणीला घोडा आणि गाडी यांतला फरक कळत नाही.

भरपूर श्रम करणाऱ्यांची हाडं नेहमीच चांगली असतात ना?

नाही, आणि हा गैरसमज घातक आहे. बोलिव्हियातले चिमाने लोक दिवसभर कष्ट करतात. त्यांची हृदयं जगातल्या सर्वांत निरोगी हृदयांत मोडतात. पण २०१९ च्या अभ्यासात त्यांच्या मणक्यांची घनता अमेरिकन लोकांहून कमी निघाली, मणक्यांचे अस्थिभंगही बरेच दिसले. जास्त बाळंतपणं आणि त्यांतलं कमी अंतर यांचा स्त्रियांच्या कमी घनतेशी संबंध आढळला. भार हाडाला बांधायला सांगतो, पण बांधायला माल लागतो. तो आजारपणात, उपासमारीत किंवा दूध पाजण्यात खर्च झाला तर श्रम एकटे काय करणार?

चावण्याचाही परिणाम होतो का?

जबड्यावर होतो. सशाएवढ्या हायरॅक्स नावाच्या प्राण्यांना शिजवलेलं मऊ अन्न दिलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्याच्या खालच्या आणि मागच्या भागाची वाढ कडक अन्न खाणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे दहा टक्के कमी झाली. माणसात अक्कलदाढेला जागा न उरण्यामागे हे एक कारण मानतात.

मोबाईलमुळे कवटीला मागे शिंग फुटतं असं वाचलं होतं. खरं आहे?

२०१९ मध्ये ही बातमी जगभर फिरली. मूळ शोधनिबंध ऑस्ट्रेलियातून आलेला, काही तरुणांच्या क्ष-किरण चित्रांत डोक्यामागच्या उंचवट्याची वाढ दिसल्याचं सांगणारा. त्यात कोण किती वेळ मोबाईल वापरतं हे मोजलेलंच नव्हतं. डोक्यामागचा तो उंचवटा मोबाईलच्या कितीतरी आधीच्या सांगाड्यांतही असतो, पुरुषांत तर बऱ्याचदा ठळक. मान खाली घालून कोणी मोबाईल पाहतं, कोणी शेंगा सोलतं, कोणी शिवणकाम करतं.

हात मानेमागे नेऊन चाचपलंत तर तुम्हालाही तो बहुधा लागेल.